रेल्याचा वाटा

गोर्नी लूग, ३ जून

वेरित्साताई,

फोन तुम्ही उचलत नाही. माझाही नाही आणि सख्ख्या भावाचा, राडिशाचाही नाही. म्हणून कागद घेऊन बसले आहे. हे पत्र व्हिएन्नाला कधी पोचेल ठाऊक नाही; तुमची तक्रार मात्र इथं फार लवकर पोचली.

समाजकल्याण खात्याची बाई परवा आली होती. पोरसवदा होती, बोलायला गोड. आईंनी रीतीप्रमाणे तिच्यापुढे रास्पबेरीचा मुरंबा आणि पाण्याचा पेला ठेवला. तिनं चमचाभर मुरंबा खाल्ला, वर पाणी प्यायली, छान झालाय म्हणाली आणि त्याच सुरात मला विचारलं, की सासूबाईंवर तुमचा हात उठतो का. मी तिला दार दाखवलं नाही, हे माझ्या नावावर लिहून ठेवा.

मे महिन्यात संत जॉर्जच्या सणाला तुम्ही आलात. हट्टानं आईंना न्हाऊ घातलंत, न्हाणीघरातून बाहेर आलात तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बॅग उचलून चालत्या झालात. मला वाटलं राडिशाशी जमिनीवरून वाजलं असेल. आईंच्या दंडांवर आणि मांड्यांवर काळेनिळे डाग आहेत हे मला त्या खात्याच्या बाईकडून कळलं. तुमचा विश्वास बसणार नाही, पण आई आंघोळीला आतून कडी लावतात आणि उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्या आणि जाड लोकरी मोजे घालतात. बाराही महिने. मी काय, त्यांचे मोजे उतरवून बघत बसू?

माझा आवाज मोठा आहे, मी दारं आपटते, एकदा राडिशाला डाव फेकून मारला होता आणि तो चुकून कपाटाला लागला, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण आईंना मी? माझा रेल्या गेल्यावर या घरात माझ्याशी कुणी नीट वागलं असेल, तर त्या. तुम्ही तेव्हा मोठा हार पाठवला होतात. त्या माझे केस विंचरायच्या.

त्या बाईनं आईंना आतल्या खोलीत नेऊन विचारलं. आई म्हणाल्या, मी पडते, म्हातारी झाले. मार खाणाऱ्या सगळ्याच असं म्हणतात, हे त्या मुलीच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी तिच्या जागी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

सोमवारी मी आईंना शहरातल्या इस्पितळात नेते आहे. ते तुमच्यासाठी नाही. ते डाग मीही आता बघितले आहेत.

बोयाना


१२ जून

वेरित्साताई,

उत्तर नाही. नसू दे.

आईंना दाखल करून घेतलं. तिथं डॉक्टर नेवेना म्हणून आहेत, पन्नाशीच्या, सिगरेटींनी घसा बसलेला. बोलणं रोखठोक. त्यांनी आधी मला बाहेर काढलं आणि आईंना एकटीला विचारलं, कोण मारतं. मी बाकावर बसून भिंतीकडे बघत होते. माझ्याकडे बघणारी नर्ससुद्धा तुमच्यासारखीच बघत होती.

मग मला आत बोलावलं. प्रश्नांवर प्रश्न. गुडघेदुखीला कुठली गोळी घेतात, घरात कुणाचं रक्त लवकर थांबत नाही असं होतं का, नाकातून येतं का, ताप होता का, गोठ्यात उंदरांचं औषध ठेवता का. त्या औषधानंही असेच डाग येतात म्हणे, माणसाच्या पोटात गेलं तर. हा प्रश्न विचारताना त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मी म्हटलं, ठेवतो, सगळेच ठेवतात.

शेवटी त्यांनी मला पलंगाजवळ उभं केलं आणि आईंचे मोजे उतरवून दाखवलं. म्हणाल्या, "मारल्याचा डाग कशानं मारलं ते सांगतो. बोटं उमटतात, काठी उमटते. हे बघा, हे गुडघ्याच्या मागे आहेत. इथं कोण कुणाला मारतं?" नडगीवर तर प्रत्येक केसाच्या मुळाशी लाल ठिपका होता, सुई टोचल्यासारखा. सगळ्या नडगीभर.

मग त्यांनी काचेची पट्टी घेतली आणि एका ठिपक्यावर दाबली. काचेखाली तो तसाच राहिला.

मी बाहेर गेले आणि उलटी केली. तुम्ही तेव्हा इथं नव्हतात, म्हणून सांगते. रेल्याला सकाळी ताप होता, दुपारी पोटावर जांभळे ठिपके आले, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरनं त्याच्या पोटावर अशीच काच दाबली होती. दाबून पुसले गेले नाहीत, म्हणजे रक्त कातडीत उतरलंय, एवढं मी त्या दिवशी शिकले. संध्याकाळी तो नव्हता. सहा वर्षांचा होता.

मी परत आले तेव्हा आई स्वतःच्या पायांकडे बघत होत्या. भीती नाही, काही नाही. मला म्हणाल्या, "अगदी रेल्यासारखे आहेत, नाही का?" नातवाचं नाक आपल्यावर गेलंय असं म्हणावं, त्या आवाजात म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

रक्ताचे निकाल आले. रक्त गोठवणाऱ्या पेशी हव्या तेवढ्या आहेत. गोठतंही वेळेत. यकृत ठीक, मूत्रपिंड ठीक. उंदरांच्या औषधाचा मागमूस नाही, हे त्यांनी मला मुद्दाम सांगितलं. आता हाडातला मगज काढून बघणार आहेत. बोलताना त्यांनी रोगाचं नाव घेतलं नाही, पण रक्ताचा कॅन्सर म्हणतायत ते मला कळलं.

मी सुटले म्हणून आनंदात आहे असं समजू नका. कुणीतरी मारलं असतं तर निदान थांबवता आलं असतं.

बोयाना


२३ जून

वेरित्साताई,

मगजही स्वच्छ निघाला. सगळंच स्वच्छ, आणि आईंच्या हिरड्यांतून रक्त येतंय. पित्ताशयाच्या ऑपरेशनची जुनी खूण, तुम्ही शाळेत असतानाची, ती उकलायला लागलीय. जिन्याच्या तीन पायऱ्या चढल्या की धाप लागते. इकडे रास्पबेरीच्या तोडणीचा हंगाम भरात आहे, राडिशा मळ्यात, मी शीतगृहात फळं निवडून संध्याकाळी बसनं इस्पितळात. आईंच्या पलंगाशी बसल्यावर माझ्या बोटांचा लाल रंग बघून त्या हसतात.

गुरुवारी डॉक्टर नेवेना भिंग घेऊन आल्या. आईंच्या नडगीवरचे केस एकेक करून बघत बसल्या. मला म्हणाल्या बघा. केस सरळ नव्हते, डुकराच्या शेपटीसारखे गुंडाळलेले होते. त्या भिंग खाली ठेवून म्हणाल्या, "ह्या काय जेवतात?"

माझं डोकं फिरलं. आधी मारते म्हणून संशय, आता उपाशी ठेवते म्हणून. मी म्हटलं आमच्याकडे भरल्या घरात काय कमी आहे, मळा आहे, बाग आहे, तळघरात बरण्या लावून ठेवल्यात. त्या म्हणाल्या, घरात काय आहे ते विचारलं नाही, ह्यांच्या तोंडात काय जातं ते सांगा.

आणि मला सांगता येईना. इतकी वर्षं या घरात काढली, पण आईंना ताटावर बसून जेवताना मी बघितलेलंच नाही. आधी सगळ्यांना वाढायचं, मग चुलीपाशी उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकायचं. तुमच्या लहानपणीही असंच असणार. त्यात आपल्याला कुणाला कधी वावगं वाटलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी आईंनाच विचारलं. पाव, मक्याची उकड, घेवडा, चीज, डुकराची चरबी, कॉफी. भाजी? नाही. बटाटे? आता नाही. कोबी? नाही. फळं? यावर आई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

हा रोग मी फक्त पुस्तकात वाचला होता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जुन्या काळी महिनोन् महिने समुद्रावर असणाऱ्या खलाशांना व्हायचा. ताजं काही पोटात गेलं नाही की अंग आतून उसवतं, जुन्या जखमासुद्धा उघडतात. रास्पबेरीच्या मुलखात हा रोग कुणाला सुचणार, त्यांनाच सुचला नव्हता. उपाय? लिंबू. संत्रं. मिरची. चार दिवसांत हिरड्या थांबतील, महिन्यात डाग जातील.

मी वॉर्डातच मोठ्यानं हसले, ताई. इतके दिवस कबरी दिसत होत्या आणि हातात काय, तर लिंबू. धावत जाऊन संत्री आणली, सोलली, फोड त्यांच्या ओठांशी नेली. त्यांनी तोंड फिरवलं. गोळी दिली तर जिभेखाली ठेवून रुमालात थुंकली. सलाईन लावलं तर नर्सला विचारलं, यात काय आहे, आणि ती भाबडेपणानं म्हणाली, लिंबातलंच सत्त्व आहे, आजी. आईंनी सुई उपटली. चादर सगळी लाल.

डॉक्टर नेवेनांनी त्यांना समजावलं, दरडावलं, मनोविकाराच्या डॉक्टरांना बोलावलं. ते तासभर बोलले आणि म्हणाले की बाई पूर्ण शुद्धीवर आहेत, जबरदस्ती करता येणार नाही. हृदय कधीही दगा देईल, हे आईंना स्पष्ट सांगितलं. आईंनी मान हलवली आणि घरी जाण्याच्या कागदावर सही केली.

आता त्या घरी आहेत. का खात नाहीत ते सांगत नाहीत. राडिशा त्यांच्यापुढे रडला. मी ओरडले, ते तुम्हाला कुणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगते.

बोयाना


२ जुलै

वेरित्साताई,

आज कळलं. बसून वाचा.

अंगणातल्या झाडाची पहिली पिवळी सफरचंदं पडायला लागलीत, पेत्रोवदानला, बारा तारखेच्या संत पीटरच्या सणाला पिकतात ती. मी दोन उचलून आत आणली. चिडूनच आणली होती. आईंच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, आज तुम्ही खाल्ल्याशिवाय मी हलत नाही. त्या म्हणाल्या, "ठेव ते खाली. पेत्रोवदान झालेलं नाही."

तुम्ही याच गावच्या, तुम्हाला मी काय सांगणार. मी शहरातली, मला ते लग्नानंतर कळलं: जिचं पोर गेलं तिनं पेत्रोवदानच्या आधी सफरचंद तोंडात घालायचं नाही. त्या दिवशी वर संत पीटर पोरांना रांगेत उभं करून सफरचंदं वाटतो. जिच्या आईनं आधी खाल्लं, त्या पोराला सांगतो, तुझं तुझ्या आईनं खाल्लं. आणि पोर रिकाम्या हातानं उभं राहतं.

मी हे कधी मानलं नाही. माझं पोर देवानं नेलं आणि वर त्याला सफरचंदासाठी रांगेत उभं करणार, असला देव मला नको. रेल्या गेला त्या उन्हाळ्यात मी बागेत बसून सफरचंद खाल्लं, पुढच्या उन्हाळ्यातही खाल्लं, लपूनछपून नाही. आईंनी बघितलं होतं. दोन्ही वेळा.

मी म्हटलं, "हे आईसाठी असतं ना? तुम्ही तर आजी. तुम्हाला कुणी बांधलंय?"

त्या म्हणाल्या, "तू खात होतीस, पोरी."

एवढंच. मला आधी कळलंच नाही. मग त्या हळूहळू बोलल्या, मध्ये मध्ये दम घेत, हिरड्यांचं रक्त रुमालानं टिपत. म्हणाल्या, "तुला काय म्हणणार होते मी? पोटचं पुरून आलेली तू. तुला आणखी एक बंधन नको सांगायला, असं मला वाटलं. म्हटलं तुझ्याऐवजी मी पाळते. पीटरला काय, घरातलं कुणीतरी पाळलं की झालं."

आधी सफरचंद सोडलं. मग सगळीच फळं, कारण आजी म्हणजे आई नव्हे, आजीनं जास्त पाळायला हवं, असा त्यांचा हिशेब. मग गेल्या शरदात त्यांना स्वप्न पडलं. रेल्या रांगेत उभा होता आणि त्याचे हात रिकामे होते. म्हणजे पुरत नव्हतं. मग त्याला जे जे आवडायचं ते सगळं सोडलं. तो टोमॅटो रोपावरूनच तोडून खायचा, ते गेले. भाजलेल्या मिरच्या गेल्या, आंबवलेला कोबी गेला, तळलेले बटाटे गेले. हिवाळा संपता संपता पायावर ठिपके आले, अगदी त्याच्यासारखे. त्यांना वाटलं, पोचलं. त्याच्याकडून निरोप आला. म्हणून मोज्यांखाली झाकून ठेवले, कुणी दृष्ट लावू नये म्हणून.

मी म्हटलं, आई, मी पाळते. आजपासून. तुम्ही खा.

त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, राडिशाशिवाय. तुम्हालाही सांगणार नव्हते. पाचवा महिना आहे, ताई. इस्पितळातली ती उलटी काही फक्त काचेमुळे नव्हती. त्या म्हणाल्या, "याचं तोडून त्याला द्यायचं नसतं. तू खा. माझं काय, मला फक्त मरायचंय."

मी धर्मगुरूंना बोलावून आणलं. ते म्हणाले, धर्मात असं कुठंही लिहिलेलं नाही. आईंनी विचारलं, "फादर, तुम्ही पोर पुरलंय का?"  पण माणूस चांगला आहे, त्यांनीच मग तोड काढली. यंदाचं सफरचंद मी अजून चाखलेलं नाही. मी पेत्रोवदानपर्यंत ते तोंडात घालायचं नाही, बाकी सगळं खायचं. म्हणजे यंदा रेल्याला वाटा त्याच्या आईच्या हातचा मिळेल. आईंनीही आपलं व्रत तोवरच पाळायचं. पेत्रोवदानच्या सकाळी कबरीपाशी सफरचंदाला आशीर्वाद देऊन ते स्वतः आईंना पहिली फोड भरवतील, आणि पुढं त्या कायमच्या मोकळ्या.

आईंनी त्यांच्याकडून ते सगळं पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग हो म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोर क्रॉसची खूण करून शपथ घेतली. मी, जी मानत नाही.

बोयाना


९ जुलै

वेरित्साताई,

मी सगळं घालवलं.

शपथ घेतली त्याच दिवशी मी डॉक्टर नेवेनांना फोन केला होता. म्हटलं, ठरलंय, पेत्रोवदानला खातील. त्या म्हणाल्या, तोवर त्या असतील असं मी सांगू शकत नाही. रात्री बाथरूमला उठतील आणि खाली कोसळतील. मी विचारलं, मग काय करू. त्यांनी सिगरेट पेटवली ते फोनवर ऐकू आलं. मग म्हणाल्या, औषधांच्या दुकानात पुडी मिळते, कशातही विरघळते. मी तुम्हाला करा असं सांगत नाही, एवढंच की अशी पुडी मिळते.

मी रोज सकाळी त्यांच्या कॉफीत घालत होते. साखर जास्त घालायची, म्हणजे आंबट लागत नाही. आई कॉफी पिऊन मला म्हणायच्या, यंदा तू दोघांसाठी गोड करतेस वाटतं. मी हसायचे. मला वाटलं, शपथ माझी आहे, सफरचंद मी चाखलेलं नाही, आणि पुडी म्हणजे काही फळ नव्हे. मरणाऱ्याला औषध देताना कसली लबाडी.

पण औषध लागू पडलं, ताई. ते इतकं पटकन लागू पडेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हिरड्या थांबल्या. नडगीवरचे ठिपके फिके पडून तपकिरी झाले. काल सकाळी आई पलंगावर बसून, मोजे काढून, पाण्याचा पेला पायावर दाबून बघत होत्या, डॉक्टरीणबाईंसारखा. इस्पितळात शिकल्या होत्या. एका जागी, मग दुसऱ्या जागी. जिथं काही दिसायला हवं होतं तिथं काही दिसत नव्हतं.

मी स्वयंपाकघरात गेले तर त्या माझ्या मागोमाग आल्या, भिंतीला धरून. मिठाच्या डब्यामागं हात घातला. घर त्यांचं आहे, आपण कुठं काय लपवतो हे त्यांना ठाऊक नसेल तर कुणाला. पुडी हातात घेतली. पुडीवर संत्र्याची फोड छापलेली आहे, चांगली रसरशीत.

मी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. तोंडच उघडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा, तुम्ही म्हणाल.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी वाद घातला असता. त्या म्हणाल्या, "त्याचंच मला खायला घातलंस."

आता यंदाचं पेत्रोवदान त्यांच्यासाठी संपलं. वाटा खाल्ला गेला, यंदाही पोर रिकामंच राहणार, म्हणजे पुन्हा सुरुवातीपासून, पुढच्या पेत्रोवदानपर्यंत. त्यांच्याकडे वर्ष नाही. महिना तरी आहे का, हे डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. माझ्या हातचं काही घेत नाहीत, राडिशाच्या हातचंही नाही, कारण त्याला माहीत होतं. स्वतः मळलेल्या पिठाची भाकर आणि स्वतः विहिरीवरून आणलेलं पाणी. काल बादली उचलताना दंडावर पुन्हा जांभळा डाग उमटला. त्यांनी तो मला दाखवला. समाधान होतं त्यांच्या तोंडावर, ताई. मला ते बघवलं नाही.

धर्मगुरू येऊन गेले. त्यांनाही म्हणाल्या, आता तुमच्यावरही माझा विश्वास नाही.

राडिशा शेजाऱ्यांच्या फोनवरून तुम्हाला फोन करणार आहे. तो नंबर तुम्ही बंद केलेला नाही. उचला.

बोयाना


११ जुलै

वेरित्साताई,

हे पत्र राडिशा तुम्हाला बसस्टँडवर देईल. घरी यायच्या आधी वाचा, गाडीतच वाचा.

तुम्ही त्याला फोनवर म्हणालात की डॉक्टर नेवेनांशी तुमचं बोलणं झालं, तुम्हाला सगळं पटलं, आणि बोयानाला सांग की मला माफ कर. तो हे सांगताना रडत होता. सव्वा महिना मी याच एका वाक्याची वाट बघत होते. आलं तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आता हे चालायचं नाही, असं वाटलं.

मला माफी नको. तुम्हाला पटलंय, ते आता विसरा आणि मे महिन्यात होतात तशा घरात शिरा.

आईंना सांगा: बोयाना हिवाळ्यापासून तुझ्या कॉफीत उंदरांचं औषध घालत होती. डाग त्याचे. म्हणून तर मी तक्रार केली होती. त्या संत्र्याच्या पुडीत तिनं तेच भरून ठेवलं होतं. खात्याची बाई आली, इस्पितळात प्रश्न विचारले गेले, तशी ती घाबरली आणि घालायची थांबली; ते अंगातून उतरायला महिना लागतो, म्हणून तुझ्या हिरड्या आत्ता सुकल्या. तुझ्या पोटात फळाचा कण गेलेला नाही. तुझं व्रत अजून शाबूत आहे, आणि रेल्याचा वाटाही.

उंदरांच्या औषधाचा प्रश्न डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यासमोरच विचारला होता, मी त्यांच्यासमोरच ठेवतो म्हटलं होतं. त्यांना आठवेल. बटाटे, कोबी, स्वप्न, ते सगळं त्यांच्या मनात आहेच, त्याला तुम्ही हात लावू नका. जीव घेणारी निघाले तर रेल्याला वाटा देणारी आई मी उरत नाही, हेही त्या म्हणतील. त्यावर सांगा की सफरचंद मात्र तिनं खरंच चाखलेलं नाही, तिनं घेतलेली शपथ खोटी नव्हती. तेवढं खरं आहे, ते सांगताना तुमचा आवाज हलणार नाही.

राडिशाला हे जमणार नाही. खोटं बोलला की त्याची मान लाल होते आणि आईंना ते तो दुधाच्या दातांचा असल्यापासून माहीत आहे. धर्मगुरू खोटं बोलणार नाहीत, पण उद्या सकाळी कबरीपाशी येतील, सफरचंद घेऊन, आणि कुणी काही विचारलं नाही तर काही बोलणार नाहीत. त्यांनी तेवढं कबूल केलंय. उरलात तुम्ही. आई तुमचं ऐकतील. तुम्ही हे माझ्याबद्दल सुरुवातीपासून म्हणत आलात.

कायद्याची काळजी करू नका, डॉक्टरीणबाईंनी मला लिहून दिलंय काय रोग आहे ते. हे एकाच घरात खरं असायला हवं, बाहेर नाही.

मी निघाले आहे. दुपारच्या बसनं माझ्या आईकडे. मी त्या छताखाली असेपर्यंत त्यांना हे पटणार नाही. विष घालणारी सून चुलीपाशी उभी राहून भांडी घासत नाही. कपडे थोडेच घेतले. रेल्याचं काही घेतलं नाही, ते त्यांच्याकडे राहू दे. जाताना त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिले. त्या झोपल्या होत्या. पाय चादरीबाहेर होते, मोज्यांशिवाय. मी आत गेले नाही.

बाळ नोव्हेंबरात होईल. ते कुठल्या घरात वाढेल ते राडिशा आणि मी बघू. त्यांना दाखवायला आणायचं नाही, हे मला माहीत आहे. कुठल्या तोंडानं आणणार.

उद्या त्यांनी पहिली फोड गिळली, की राडिशाला मला एक शब्द कळवायला सांगा. खाल्लं, एवढा. मी फोनजवळ असेन. आणि पुढं कधीतरी, त्यांचे पाय स्वच्छ झाल्यावर, घर शांत झाल्यावर तुम्हाला वाटेल, आता खरं सांगून टाकावं, म्हातारीच्या मनातून ते काढावं, बिचाऱ्या बोयानावरचा डाग धुवून टाकावा. तसं करू नका. मला त्यांनी कधीच माफ करता कामा नये, ताई. ज्या दिवशी करतील, त्या दिवशी त्या खाणं सोडतील.

बोयाना